प्लीहेचं माप

ओमेश्वरीने मागितली नसती, तर मेलेली बकरी सकाळीच बांधापलीकडे पुरली गेली असती.

ती पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षाला होती. सुट्टीत गोरेगावजवळच्या आपल्या गावी आली तेव्हा सरांनी काम लावून दिलं होतं: बैल आणि बकरी यांच्या अवयवांची तुलना, मापांसह. बैल कॉलेजात फॉर्मॅलिनच्या हौदात होता. बकरी मिळत नव्हती. आणि त्या दिवशी घरचीच एक बकरी गोठ्यात अचानक मरून पडलेली सापडली.

"पुरू नका, बाबा. मले आतून पाहायची आहे."

"जिती होती तवा पाहाची होती," उदेलाल म्हणाला. पण शेजारच्या भोजराजकाकांना त्यानेच हाक मारली. गावात बकरी कापायची ती काकांनीच.

ओमेश्वरीकडे हातमोज्यांचा एकच जोड होता. तो तिने घातला.

"बोला डाक्टरीनबाई, कोणता माल पायजे?"

"सगळाच. एकेक काढा. मी मोजते, आई लिहील."

"लिवा. आमचं वीस वर्षं न लिवता चालून राहिलं."

जमुना उंबऱ्यावर वही घेऊन बसली. यकृत निघालं. चार कप्प्यांचं पोट निघालं, बैलासारखंच, फक्त लहान. त्याला चिकटलेली प्लीहा काका सोडवू लागले. बैलाची प्लीहा लांब पट्टीसारखी असते, बकरीची तिकोनी, चपटी, तळहातावर मावणारी. काकांनी काढली ती मावली नाही. फुगून तिच्या कडा गोल झाल्या होत्या. सुऱ्याचं टोक लागलं तसा आतून डांबरासारखा लगदा ओघळला.

ओमेश्वरीने टेप लावला. पुस्तकातल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट लांब. पुन्हा लावला, तेवढीच. मग तिने घमेल्यात पाहिलं. अर्धा तास झाला होता आणि रक्त अजून पातळच होतं.

रोग पुढच्या वर्षांत शिकवतात. पहिल्या वर्षाला फक्त निरोगी शरीर. पण वसतिगृहातल्या सीनियर मुली एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात बजावतात. जनावर एकाएकी मेलं आणि रक्त गोठत नसेल तर उघडायचं नाही, तसंच खोल पुरायचं. काळपुळी असते ती, म्हणजे अँथ्रॅक्स, आणि ती माणसालाही होते. सकाळी बकरीच्या नाकाशी काळपट रक्त होतं. ओमेश्वरीने ते स्वतः पुसलं होतं, तोंडाचं माप नीट घेता यावं म्हणून.

"काका, सुरा ठेवा."

"काऊन?"

"ठेवा म्हणते ना. मास कोणाले द्यायचं नाही."

"पोट्टी भेली," काका उदेलालला म्हणाले. त्यांचे हात कोपरापर्यंत माखले होते. अंगठ्याला हाड लागून नुकतीच चीर पडली होती.

ओमेश्वरीने फोन करून बोलावलेले पशुवैद्यकीय अधिकारी दुपारी आले. चुना टाकून बकरी पुरली, उरलेल्या बकऱ्यांना औषध दिलं. "उघडायला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

हात लावलेल्या सगळ्यांना आजच दवाखान्यात न्या, असं त्यांनी सांगितलं. ओमेश्वरी गेली, उदेलाल गेला. काका गेले नाहीत. बकऱ्या कापता कापता आपले केस पिकले, आपल्याला बकरी काय करते, असं त्यांचं म्हणणं.

ती रोज सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन त्यांचे हात पाहायची. काका हात पुढे करून चिडवायचे, "पाह्य, मोजून घे." दोन दिवस काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अंगठ्याखाली लाल फोड होता, आणि त्याच्या मधोमध मसुरीएवढा काळा ठिपका.

"मच्छर चावला. खाजवून राहिलं थोडं," काका म्हणाले. "दुखत तं काहीच नाही. मंग कायले दवाखाना?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला हेच सांगितलं होतं: हा फोड दुखत नाही, म्हणून माणूस उशिरा येतो.

"गाडीवर बसा, काका," ती म्हणाली. "आत्ता."

तिच्या आवाजाने त्यांचं हसणं थांबलं. मागे बसताना त्यांनी तोल सावरायला तिच्या खांद्यावर हात ठेवला. ओढणीतूनही तो तापलेला लागत होता.