आजीचं जुनं दुखणं

आजोबांच्या शोकसभेत वाहतूक कंपनीचे मालक बोलायला उठले आणि नातीने दातओठ खाल्ले. आजोबांना भर तापात ट्रकवर पिटाळणारा हाच माणूस आता रुमाल डोळ्यांना लावून म्हणत होता, "तो ड्रायव्हर नव्हता, माझा भाऊ होता." भावाचं नाव मात्र त्यांना चिठ्ठीत बघावं लागलं.

"बायकोची सेवा करावी तर त्याने," मालक पुढे म्हणाले. "वहिनींना झटका आला की बिचारा हातातलं काम टाकून घरी पळायचा. मी कधी अडवलं नाही."

सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेतल्या आजीकडे वळल्या. आजी चांगली धडधाकट होती. तिला कधी साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती.

"मला काय झालं होतं गं?" तिने हळूच विचारलं.

नातीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेतलं नाटक असो की धावण्याची शर्यत, आजोबा घामाघूम होऊन हजर असायचे आणि फाटकाबाहेर त्यांचा ट्रक अख्खा रस्ता अडवून उभा असायचा.

"माझं नाटक असलं की तुला झटका यायचा," ती आजीच्या कानात पुटपुटली.

भाषण संपवून मालक आजीजवळ आले. "आता तब्येत कशी आहे, वहिनी?"

आजी तोंडावर हात धरून मन लावून खोकली.

"ते होते तोवर यायचा झटका," ती म्हणाली. "आता कुणासाठी येणार?"

मालकांनी गंभीरपणे मान डोलावली. नातीला हसूही आवरेना आणि रडूही.