टाकीपासून डावीकडं

तुमच्या आजोबांना शेवटचं गावी न्यायला दोन गाड्या होत्या. पुढं शववाहिका. तीत हे, ड्रायव्हर आणि माझा लेक. मागं आमची गाडी. ती सूनबाई चालवत होती, शेजारी मी.

वाटेत फोनला रेंज मिळणार नाही, हे ठाऊक होतं. म्हणून सूनबाईनं नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवलेला. लेकाला ते सुचलं नव्हतं. त्याला त्या दिवशी काहीच सुचत नव्हतं. मलाही नाही. डोळे कोरडे ठणठणीत. कुणी चहा दिला की प्यायचा, कुणी गाडीत बस म्हटलं की बसायचं.

"नकाशा आमच्याकडं आहे, तर आमची गाडी पुढं राहू द्या की," मी ड्रायव्हरला सांगून बघितलं.

"नाही आजी. आमच्या धंद्यात वाहिका पुढंच. मागचे लोक रडत असतात, त्यांना रस्ता दिसत नाही."

मग त्यानं आम्हाला एक वॉकीटॉकी दिला. एक त्याच्याकडं. सूनबाईनं मागून रस्ता सांगायचा, त्यानं पुढं वळायचं. "आणि मधेमधे बोलत राहा," म्हणाला. "आवाज बंद झाला की समजायचं, आपण तुटलो. मग मी थांबणार."

सूनबाईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. तेव्हा बोलायचं काम माझ्याकडं आलं. उजाड माळ, पुढं शववाहिकेची धूळ. बोलायचं तरी काय? मी आपल्या थापा सुरू केल्या. तोंडाला सवय आहे, मन जागेवर नसलं तरी चालतं ते.

"ऐका हो ड्रायव्हरदादा. ह्यांनी एकदा गाडी एवढी पळवली, की आमच्या सावल्या मागं राहिल्या. आता सावलीशिवाय पाहुण्यांकडं जायचं कसं?"

"मग हो?" खरखरीतून ड्रायव्हर.

"मग काय, थांबलो. तेवढ्यात स्टिअरिंग निघून ह्यांच्या हातात आलं. ह्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, धर जरा, मी चपलेनं वळवतो."

सूनबाई फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. लांबवर एक पाण्याची टाकी दिसत होती. दिसेल ते गोष्टीत घालायची माझी खोड. मी म्हटलं, "तर त्या टाकीपासून आम्ही डावीकडं वळलो, आणि..."

टाकी मागं पडली. जरा वेळानं सूनबाई म्हणाली, "आई, धूळ कुठंय?"

समोर रस्ता स्वच्छ. सेटवर नुसती खरखर. मी बटण दाबून हाका मारल्या, आधी लेकाला, मग ह्यांनाच. ह्यांना मी कधी किराणा आणायलाही एकटं सोडलं नव्हतं. आणि आता कुठल्या माळावर कुणाच्या हवाली केलं होतं!

सूनबाईनं गाडी थांबवली. "आई, शेवटचं काय बोललात?"

"टाकीपासून डावीकडं."

तिनं माझ्याकडं बघितलं. गाडी वळवली. टाकीजवळ एक कच्ची वाट फुटत होती, तिच्यावर चाकांचे ताजे ठसे. टेकडीपलीकडं वाहिका उभी दिसली.

ड्रायव्हर उतरून आला. "आजी, तुम्हीच म्हणालात, डावीकडं."

"अरे, गोष्टीत म्हटलं!"

"मला काय ठाऊक, गोष्ट कुठं संपली आणि रस्ता कुठं सुरू झाला?" तो कानाला हात लावून म्हणाला. "आणि शेजारी बसलेले साहेब तर काही बोललेच नाहीत."

लेक सीटवर तसाच बसला होता. "मी ऐकतच नव्हतो गं आई," म्हणाला.

मी वाहिकेचं मागचं दार उघडायला लावलं. हे होते. चादर जराशी सरकली होती, ती सारखी केली. रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

"मी इथंच बसते," म्हटलं.

"आजी, मागं नातेवाईक बसवायचा नियम नाही."

"नियमाचं नंतर बघ. आधी रस्ता बघ."

त्यानं लेकाकडं बघितलं. लेकानं मान हलवली. सेट मी सूनबाईच्या हातात दिला, आता एका हातानं चालव म्हटलं, आणि ह्यांच्या पायाशी, पत्र्याच्या पट्टीवर बसले. दार लागलं.

पुढं सगळा रस्ता सूनबाईचा आवाज येत राहिला. सरळ. सरळच. आता उजवीकडं. अजून सरळ.

मधेच ड्रायव्हरनं जाळीतून विचारलं, "आजी, मग सावल्या आल्या का हो?"

मी ह्यांचा पाय चादरीवरून धरून बसले.