बाजार उठल्यावर उरलेलं

निजाम भाजीवाल्याच्या घरात ताजी भाजी शिजत नाही, असं सांगितलं असतं तर संग्रामपुरात कुणालाच खरं वाटलं नसतं. त्याची हातगाडी बघण्यासारखी असायची. भेंडी एका मापाची, वांगी तेल लावल्यासारखी चकचकीत, गवारीच्या शेंगा अशा कोवळ्या की नुसत्या बोटांनी मोडाव्या. पण गाडीवरचा माल गिऱ्हाइकाचा. घरी यायचं ते बाजार उठल्यावर उरलेलं: जून झालेली भेंडी, दाणा धरलेली गवार, अर्धं कापून टाकावं लागणारं किडकं वांगं. तेही एका दिवसात खपायचं नाही. म्हणून त्याची बायको सायरा ते चिरून घराच्या पत्र्यावर जुन्या चादरीवर वाळत घालायची आणि वाळलेल्या काचऱ्या डब्यांत भरून ठेवायची. वर्षभर त्यांच्या चुलीवर तेच शिजायचं.

सायराचं माहेर मेहकरचं. वडील शिलाईकाम करायचे. भाजीवाल्याच्या घरी दिली म्हटल्यावर मैत्रिणींनी चिडवलं होतं, आता काय, रोज हवी ती भाजी. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिने निघायच्या तयारीत असलेल्या गाडीवरून मूठभर कोवळी भेंडी उचलली होती. निजामने फक्त राहिलेली भेंडी पुन्हा रचली, ढीग मोठा दिसावा म्हणून. सायराने मूठ परत गाडीवर सोडली. तो विषय तिथेच संपला.

वाळल्या भाजीचं रांधणं तिला शेजारच्या रुख्मिणीने शिकवलं. रुख्मिणीच्या नवऱ्याचा, अर्जुनरावांचा, नदीकाठी भाजीचा मळा होता आणि निजामचा बराचसा माल तिथूनच यायचा. भेंडीला पाणी दाखवायचं नाही, थेट तेलात कुरकुरीत करायची. गवार कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळायची, मग लसूण-तिखटात परतून वरून शेंगदाण्याचा कूट. वांग्याच्या फोडी तुरीच्या वरणात सोडायच्या, फुगून पुन्हा वांगी होतात. पहिल्या वर्षी सायराला सगळ्यालाच पत्र्याचा वास येई. पुढे तो येईनासा झाला. मोईज याच भाज्या खाऊन मोठा झाला, खामगावच्या तेलघाण्यावर कामाला लागला, त्याचं लग्न झालं, सून अलीजा घरात आली. निजाम दिवसभर ‘ताजी, ताजी’ म्हणून ओरडून यायचा आणि जून गवारीची भाजी चवीने चावत बसायचा.

एका पावसाळ्यात तो गवार ताटाच्या कडेला सारू लागला. सायराला ते लागलं. इतकी वर्षं गोड मानून खाल्लं आणि आता माणसाला आपल्या हातचं नको झालं, असं वाटून तिने एक दिवस चिडून गाडीवरचेच कोवळे दोडके उचलले आणि ताजी भाजी केली. निजामने तीही तशीच ठेवली. तेव्हा ती त्याच्यासमोर बसून त्याचं खाणं नीट बघू लागली. तो भाकरीची बोराएवढी गोळी करायचा आणि बोटाने दातांच्या फटीतून आत ढकलायचा.

“तोंड उघडून राह्यलं नाई,” तो शेवटी म्हणाला. “लय दिवस झाले.”

तंबाखू-सुपारीचा खर्रा त्याच्या गालात तरुणपणापासून असे. अकोल्याच्या डॉक्टरांनी बघताक्षणी नागपूर गाठायला सांगितलं. तिथे जबड्याचा एक भाग काढला, मग किरणांचे शेक दिले. निजाम घरी आला तेव्हा चेहरा एका बाजूला बसला होता आणि गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज खाटेच्या पलीकडे ऐकू येत नव्हता. हातगाडी भिंतीला टेकवून ठेवली होती. ती त्याला दिसू नये म्हणून मोईजने तिच्यावर ताडपत्री टाकली.

पातळच द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अलीजा मनापासून वरणाचं पाणी, पेज, दूध करायची. निजाम चार चमचे घेऊन तोंड फिरवायचा. अंगावरचं मांस उतरत चाललं. एका दुपारी त्याने सायराला जवळ बोलावलं आणि पुटपुटत विचारलं, कारलं हाय का? ताजं आणू का, तिने विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. डब्यातलं हवं होतं.

सायराने कारल्याच्या चकत्या मंद आचेवर तळल्या, खलबत्त्यात कुटून पीठ केलं, वस्त्रगाळ केलं आणि ज्वारीच्या पातळ पेजेत थोड्या तुपाबरोबर घोटलं. तिखट चालत नव्हतं, मिठाचाही तोंडाला जाळ व्हायचा. निजामने घोट तोंडात धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच राहिला. मग वाटी पुढे केली.

त्या दिवसापासून ती एकेक डबा काढू लागली. गवार कुटून, भेंडी कुटून, वांग्याच्या फोडी शिजवून गाळून. काय आहे ते ती आधी सांगायची नाही. तो घोट घ्यायचा आणि ओळखायचा. कधी चुकला की स्वतःवरच वैतागायचा, आणि त्या वैतागात तिला पहिला निजाम दिसायचा.

एकदा वाटी संपल्यावर त्याने तिचा हात धरून ठेवला. एकेक शब्द काढायला त्याला वेळ लागत होता.

“साऱ्या गावाले ताजं देल्लं म्या. तुले उरलेलं.”

“मले कधी कमी पडलं का?”

“कवळी भेंडी उचलली होती तू. मले आठवते.”

तो विसरला असेल, असंच सायरा इतकी वर्षं धरून चालली होती. “वापस ठेवली होती ना मी,” ती म्हणाली.

“हाव. म्हनूनच आठवते.”

तेव्हा राग आला होता, आणि नंतर तो कधी गेला तेही कळलं नाही, असं तिला सांगायचं होतं. पण त्याच्या हनुवटीवर पेज ओघळली होती. ती पदराने पुसता पुसता बोलायचं राहून गेलं, आणि मग तो झोपला.

ऊन तापायला लागलं त्या दिवसांत निजाम गेला. सकाळी त्याने भेंडीच्या पेजेचा घोट घेतला तो गिळलाच नाही. सायराने हाक मारली, अलीजाला बोलावलं, मोईजला खामगावला फोन लावला. संध्याकाळपर्यंत मातीही झाली.

नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस पाळायच्या इद्दतीला सायरा बसली. उंबऱ्याबाहेर जायचं नव्हतं. लोक यायचे, बसायचे, जायचे. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि बायकांना त्याचीच काळजी वाटत होती. बाहेर वाळवणाचं कडक ऊन पडलं होतं आणि पत्रा पहिल्यांदाच रिकामा होता.

एका सकाळी अर्जुनराव दाराशी गवारीची पाटी ठेवून बाहेरच उभे राहिले. रुख्मिणी आत आली. अर्जुनराव बाहेरून म्हणाले, “निजामभाऊ बरा होऊन गाडी लावीन म्हनून पेरली होती. आता कोनाले देऊ?”

रुख्मिणी म्हणाली, आपण चिरू, वाळत मी माझ्या छतावर घालते. दोघी पाटी मधे घेऊन बसल्या. सायराने शेंगा जमिनीवर ओतल्या आणि सवयीने निवडायला लागली. बाजूला काही पडेना. तिने ढीग उलटला, पुन्हा पसरला.

“काय शोधून राह्यली सायराबी?”

“जून शेंगा.”

“सारी कवळीच हाय. आज सकाळीच तोडली.”

“हे विकाचं हाय वैनी,” सायरा म्हणाली. “हे घरात कसं घेऊ?”

आणि ती रडायला लागली. ओंजळीत शेंगा धरून ती इतकी रडली की अलीजा आतून धावत आली. रुख्मिणीने तिला थांबवलं नाही. ती फक्त विळीवर एकेक शेंग चिरत राहिली.

ती कोवळी गवार वाळून दोऱ्यासारखी झाली. पावसाळ्यात सायराने तिची भाजी केली. तोंडात विरघळते, असं मोईज म्हणाला, आणि अलीजाने कौतुकाने दुसऱ्यांदा वाढून घेतली. सायरानेही खाल्ली. चांगली झाली होती. तिला चावायला काही सापडलं नाही एवढंच.

इद्दत संपून बरेच दिवस झाले होते तरी ती बाजाराकडे फिरकली नव्हती. दिवाळीच्या आधी ऊन पुन्हा कडक झालं तेव्हा गेली, तीही बाजार उठायच्या वेळेला. निजामच्या जागी सागर नावाचा पोरगा माल आवरत होता. कधीकाळी त्याने निजामकडून मापं उसनी नेली होती. तिला बघून तो उठून उभा राहिला आणि चांगली भेंडी तागडीत टाकू लागला. सायराने पोत्याच्या कडेला सारलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं.

“ते काऊन काकू? जून हाय. शिजनार नाई.”

“वाळवाले पाह्यजे,” ती म्हणाली. “दर बाजाराले ठेवत जाय माह्यासाठी.”

सागरने खाली बसून तो ढीग दोन्ही हातांनी पिशवीत भरला.

दुसऱ्या दिवशी सायराने अलीजाला शेजारी बसवून भेंडी चिरायला लावली, आडव्या चकत्या, फार बारीक नाही. मग चादर खांद्यावर टाकून ती स्वतः शिडी चढली. पत्रा तापला होता. तिने चादर पसरली आणि चकत्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून सुट्या करत बसली. खालून अलीजा जेवायला बोलावत होती. सायरा येते म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.