काकडीने नेसलेले धोतर

गेल्या पौषात, इंदापूर तालुक्यातील निरवांगी गावी, सावळारामांच्या विहिरीलगतच्या लहानशा तुकड्यात माझ्या दुसऱ्या आयुष्यास प्रारंभ झाला. मित्रांनो, मी एक जुने धोतर आहे.

पहिल्या आयुष्यात सावळाराम मला लग्नकार्यात नेसत. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, त्यांनी पायजमा जवळ केला आणि मी पेटीच्या तळाशी गेलो. तेथून मला त्यांच्या सुनेने, सोनमने, बाहेर काढले.

“माझं धोतर मातीत घालतीस व्हय?” सावळाराम कडाडले.

“आबा, पेटीत झुरळं खाणार, त्यापरीस काकडीला पांघरते. थंडीत रोप तगलं तर आपली काकडी सगळ्यांच्या आधी बाजारात जाईल.”

“बरं. पण होळीपातुर काकडी दिसली न्हाय, तर तुकड्यात ऊस लावणार. मग रडायचं न्हाय.”

सोनमच्या हाती स्वतःचा म्हणावा असा तेवढाच तुकडा होता. तिने बांबूच्या कामट्या वाकवून कमानी रोवल्या, त्यांवर मला ताणले आणि कडा मातीने दाबल्या. बांधावरून शेजारच्या मेहबूबबी सावळारामांकडे पाहून हसत म्हणाल्या, “तात्या, तुमचं धोतर काकडीनं नेसलं की वो!”

धोतराने रानात राबणे हा त्याचा अपमान होय, असे काहींचे मत आहे. मला ते मुळीच मान्य नाही. अंग झाकणे हे माझे काम. ते अंग माणसाचे की वेलाचे, हा भेद वस्त्राने का करावा? मी विरळ पोताचा असल्याने ऊन आत येई, गारठा मात्र अडे. वेल तरारले, पिवळी फुले आली.

फळ मात्र धरेना. बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळू लागल्या. थंडीच बाधते आहे, असे समजून सोनमने माझ्या कडा अधिकच घट्ट दाबल्या. होळी जवळ येत होती आणि ती गळालेली फळे वेचत होती.

एका दुपारी वाऱ्याने माझे एक टोक उचकटले. ऊन वाढले होते, म्हणून तिने ते तसेच राहू दिले. पुढे त्याच टोकाच्या काकड्या तेवढ्या फुगल्या. सोनम तिथे उकिडवी बसून पाहत राहिली. एक मधमाशी त्या फटीतून आत शिरली आणि फुलाफुलांवर फिरू लागली.

“अगं बया! मीच दार लावून बसले की!” ती उद्गारली.

तेव्हापासून सकाळी मला गुंडाळून ठेवणे आणि दिवस कलल्यावर पुन्हा पांघरणे, असा क्रम सुरू झाला. मित्रांनो, जुने वस्त्र टाकून देऊ नका. काम झाल्यावर ते धुवा, वाळवा, घडी करून ठेवा. पण कोणाचेही रक्षण करताना त्याचा श्वास आणि सोबत तोडू नका. झाकणे कधी थांबवावे हे कळणे, हाही काळजीचाच भाग आहे.

होळीच्या आदल्या दिवशी उसाचे बेणे भरलेला ट्रॅक्टर बांधाशी आला. सोनमने सासऱ्यांच्या हाती काकडी दिली. त्यांनी ती मोडली, खोड काढण्याच्या तयारीने चावली, आणि शेवटच्या घासापर्यंत त्यांना खोड सापडली नाही. मग ते ट्रॅक्टरवाल्याकडे वळले.

“बेणं वरच्या रानात टाक. ह्यो तुकडा सोनमचा हाय.”