कपाटातला थंड दिवा

आमच्या लिमा शहरात हिवाळा येतो जून-जुलैत, आणि तेव्हा ऊन म्हणून दिसत नाही. समुद्रावरून नुसतं धुकं येतं आणि भिंती, उशा, डब्यातलं मीठ, सगळं ओलं करून ठेवतं. म्हणून कपाटाच्या तळाशी एक बल्ब अहोरात्र चालू ठेवायचा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याला, फाउस्तोला, तेवढं ठाऊक नव्हतं.

अठ्ठावीस जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, आमच्या क्लबात मारिनेरा नाचतात, हातात रुमाल घेऊन जोडीजोडीनं. फाउस्तोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तीन वर्षं मी खुर्चीत बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या पिटतेय. परक्या माणसाबरोबर नाचायला माझे पायच उचलत नाहीत. यंदा त्याच्याकडून एकदाचं ‘हो’ वदवून घेतलं. आणि पंचवीस तारखेला कपाट उघडते तर काय, त्याच्या नाचाच्या चामडी बुटांवर हिरवट बुरशी!

“अरेरे,” फाउस्तो म्हणाला, पण चेहरा शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा. “आता कसला नाच, म्हातारे!”

मी बल्बला हात लावला. थंडगार. “हा कुठून आला?”

“एलईडी आहे. मीच बसवला. वीज कमी खातो, आणि तापत नाही बघ जराही!”

“अरे शहाण्या, तापावा म्हणूनच लावतात तो! बुटांना काय पेपर वाचायचाय?”

बूट घेऊन त्याला गच्चीवर पिटाळलं. घरात झटकले असते तर ती घाण सगळ्या कपड्यांवर बसली असती. नाकाला फडकं बांधून तो कोरड्या मऊ ब्रशने घासायला बसला.

“बेतानं! चामडं आहे, कढई नाही.”

“बादलीत बुडवू का?”

“तुलाच बुडवीन!”

अर्धं स्पिरिट, अर्धं पाणी. त्यात फडकं भिजवून घट्ट पिळलं, आधी टाचेच्या आत लावून बघितलं. रंग गेला नाही, तेव्हा बूट आतबाहेर पुसले. मग पोटात कागदाचे बोळे कोंबून दोन दिवस पंख्यासमोर ठेवले. तोवर कपाट रिकामं करून पुसलं, वाळवलं आणि जुना बल्ब परत लावला. शेवटी बुटांना क्रीम चोळलं. असे चकाकले की काय सांगू!

अठ्ठावीसला सकाळी बघते तर फाउस्तो एक बूट घालून, दुसरा हातात धरून पलंगावर बसलेला.

“काय रे?”

“गुडघ्यानं दगा दिला तर? मी पडलो तर लोक तुला हसतील गं.”

मला भरूनच आलं. तीन दिवस मी त्याला कामचुकार म्हणत होते, आणि हा मेला माझी काळजी करत होता.

“मग एका जागी उभा राहा,” मी म्हटलं. “हातातला रुमाल हलव, हसत राहा. नाचायचं मी बघते.”

“म्हणजे चाळीस वर्षं चाललंय तेच!”

मी उशी फेकून मारली. ती चुकवत त्यानं दुसरा बूट चढवला.