बेचाळीस छोट्या खुर्च्या

सुतार जेवायला हसत हसत आला, आणि घरातली माणसं धास्तावली.

झालं होतं एवढंच, की सकाळी बालवाडीच्या बाई त्याच्या कारखान्यात येऊन गेल्या होत्या. मोठ्यांच्या खुर्च्यांवर पोरांचे पाय लोंबकळतात, बेचाळीस छोट्या खुर्च्या कराल का, गुरुवारपर्यंत हो-नाही कळवा, असं सांगून त्या गेल्या. सुतारानं लगेच एका फळकुटावर चित्र काढलं आणि तेच घेऊन तो घरात शिरला.

"हे बघ, टोकं सगळी गोल. पोरगं धडपडलं तरी लागायचं नाही!"

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. "अहो, रात्री झोपलात ना नीट?"

त्यांची मुलगी, नऊ वर्षांची, सगळे तिला मुंगी म्हणत. ती कॅलेंडरापाशी धावली. बाबांच्या मनाची नोंद तिच्याकडे होती: मन फार वर उधळलं तर लाल ठिपका, खाली बसलं तर निळा, ठीक असेल तर हिरवा. अकरा महिने ओळीनं हिरवे ठिपके होते.

"आज कुठला लावू?" तिनं विचारलं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अडीच वर्षांपूर्वी सुतार असाच हसत आला होता. तीस खुर्च्यांचं काम होतं. त्यानं तीनशे खुर्च्यांचं लाकूड आणलं. दिवसरात्र ठोकाठोकी, झोप नाही आणि दमणंही नाही. जेवायला हाक मारली तर अंगावर यायचा. दोन महिन्यांनी सगळं ओसरलं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला. दाढी करणंसुद्धा डोंगर चढण्यासारखं वाटे. कुणी आळशी म्हणालं, कुणी म्हणालं मन घट्ट कर. बायकोनं कुणाचं ऐकलं नाही; हाताला धरून त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. "हा स्वभाव नव्हे, आजार आहे. आणि याला औषध आहे." मग गोळ्या, अधूनमधून रक्ताची तपासणी, वेळेवर झोप. गाडी हळूहळू रुळावर आली.

"बालवाडीच्या बाईंना नाही म्हणून टाका," बायको म्हणाली.

"अगं, मला करायच्यात या खुर्च्या."

"तुम्हाला करायच्यात, की त्या आजाराला?"

सुतारानं हातातला घास परत ताटात ठेवला. कारण हेच तो सकाळपासून स्वतःला विचारत होता. हा आनंद माझा, की त्याचा? आणि कधीच ओळखू आला नाही, तर जन्मभर हसूच नये की काय?

बुधवारी तिघंही दवाखान्यात गेली. मुंगीनं कॅलेंडर बरोबर घेतलं होतं.

"झोप?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दहाला पडतो, साडेपाचला उठतो."

"लाकूड आणलंत?"

"अजून नाही. आधी होकार तर देऊ दे."

"काम करताना कुणी हाक मारली तर?"

"एका हाकेत जेवायला येतात," बायको म्हणाली, आणि स्वतःच थबकली. हे तिनं रोज पाहिलं होतं, पण जमेस धरलं नव्हतं.

"गोळ्या?"

"मी रोज डबी बघते," मुंगी म्हणाली. "पण मला रंग सापडत नाहीये. बाबा खूश आहेत. खूश कुठला रंग?"

"हिरवा म्हणजे काय ठरवलंयस तू?"

"ठीक. म्हणजे बाबा गप्प बसतात."

बाई खळखळून हसल्या. "अगं, गप्प बसायला बाबा काय ओंडका आहेत? हिरव्यात हसणं येतं, चिडणं येतं, एखाद्या दिवशी थोडं रडणंही येतं. ताप उतरलेल्या माणसाचं अंग कोमटच लागतं ना? अगदी थंडगार लागलं तर उलट घाबरायचं."

"पण आजार परत येऊ शकतो?" बायकोनं विचारलं.

"येऊ शकतो. म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत. झोप कमी झाली आणि तरी थकवा नाही, अशा दोन रात्री गेल्या तर तिसरीची वाट न बघता मला फोन करा. पण प्रत्येक हसण्याला थर्मामीटर लावू नका." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि तुम्ही किती झोपता?"

बायकोनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "तीनचार तास. यांना झोप लागलीय का, ते बघत पडते."

सुतारानं चमकून तिच्याकडे पाहिलं. अकरा महिने तो तिच्या शेजारी गाढ झोपत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

"मग पेशंट कोण म्हणायचं?" बाई म्हणाल्या. "राखण पुरे आता. किती झोपलो ते सकाळी हे स्वतः सांगतील. खुर्च्यांचं मात्र तुमचं तुम्ही ठरवा. त्यातलं मला कळत नाही."

परतताना बायको म्हणाली, "आधी सहा करा."

"दहा."

"सहा. आणि अंधार पडला की कारखान्याला कुलूप."

"बरं, सरकार."

गुरुवारी बालवाडीच्या बाईंनी कबूल केलं: पहिल्या सहा बघू, मग पुढच्या सहा. सुतारानं पोरांना ओळीनं उभं करून गुडघ्यापर्यंतची मापं घेतली. एक पोरगं टाचा उंचावून उभं राहिलं. त्याचं माप तीनदा घ्यावं लागलं.

शनिवारी दुपारी बायको म्हणाली, "पाच मिनिटं पाठ टेकते." सुतारानं यंत्र बंद केलं, पहिली खुर्ची अंगणात आणली आणि पॉलिश पेपरनं हातानंच घासायला बसला.

पाच वाजता मुंगी खेळून आली आणि दारातच थबकली. "आई आजारी आहे?"

"नाही गं. झोपलीय."

"कधीपासून?"

"दीडपासून."

मुंगी त्याच्याजवळ बसली. त्यानं तिला पेपराचा तुकडा दिला. "लाकडाच्या रेघा जातात तशी घास. आडवं नको, ओरखडे पडतात."

थोडा वेळ दोघंही घासत राहिली. मग आतून एक लांबलचक, दणदणीत आवाज आला.

"बाबा, आई घोरते?" मुंगीचे डोळे मोठे झाले.

"मलाही आजच कळतंय," सुतार म्हणाला.