वळणावरची चार

"किती?" राखणदाराने विचारलं.

"अकरा." बायको इतक्या पटकन म्हणाली की त्याच्या मनात पाल चुकचुकली.

बावीस वर्षं तो दर आठवड्याला माळावरची तीच वाट चालत होता. दोन्ही बाजूंच्या गवतात दिसतील तेवढी तपकिरी फुलपाखरं मोजायची आणि वहीत आकडा लिहायचा. पावसाळ्यात त्यांच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. गवत वाळलं की निघणारी पिढी मात्र निव्वळ वाळकं पान. बसली की सख्ख्या आईला सापडायची नाहीत. त्याला सापडत. दोन वर्षांपूर्वी लांबची नजर गेली, तेव्हापासून पुढे ती आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे तो. बघायची ती, वहीला नाक लावून लिहायचा तो. वनखात्याच्या ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता.

तिथल्या साहेबांनी माळभर झाडं लावली होती. सावलीत हे गवत मरतं, गवताबरोबर अळ्या मरतात, हे सांगायला तो गेला होता.

"झाडं नकोत म्हणणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय," साहेब हसले होते. "शून्य येईल त्या दिवशी तुमचंही काम संपलं, बाबा."

"कुठे दिसली अकरा?" त्याने आता विचारलं.

"वळणावर चार. पुढे सात."

"मग थांबली का नाहीस? दिसलं की तुझा खांदा थांबतो. आज एकदाही थांबला नाही."

"अहो, संशय कसला घेता? लिहा अकरा. कोण येतंय मोजायला?"

"कोणी येत नाही, म्हणून तर."

त्याने वहीचं मागचं पान उलटलं. "गेल्या आठवड्याची नऊ?"

"घरी बसून काय कराल हो?" तिचा आवाज चढला. "भिंती बघाल? त्याही दिसत नाहीत तुम्हाला!"

"शेवटचं खरं कधी दिसलं?"

"पाच आठवडे झाले. एकच होतं."

रागवायचं त्याच्या मनात होतं, पण जमलं नाही. पाच आठवडे ही बाई एकटीच हे ओझं वाहत होती. तिने बोट ठेवून दाखवले ते चार आकडे त्याने खोडले. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल. पुन्हा पहिल्यापासून."

या खेपेला ती गवताच्या उरल्यासुरल्या प्रत्येक झुबक्यापाशी थांबत होती, आणि दर वेळी तो आकड्याची वाट बघत होता. वळणावर ती बराच वेळ थांबली. मग चालू लागली.

वाट संपली. त्याने "किती?" विचारलं नाही. वहीला नाक लावून त्याने शून्य काढलं.